मायावरण, लष्करी गणवेशाचे

सैनिक शत्रूच्या नजरेस पडू नये किंवा पडल्यास उशिरा ओळखू यावा, या हेतूने त्याच्या गणवेशाच्या कापडावर केलेल्या रंगयोजनेस व नक्षीस गणवेशाचे मायावरण म्हणतात. तोफा, वाहने, विमाने व इमारती यांचेही मायावरण करतात. परंतु त्या वस्तू एकाच जागी पुष्कळ काळ असतात किंवा त्यांच्यावर जाळ्या पसरता येतात. सैनिक मात्र चालतो, रांगतो, वाकतो आणि एकाच दिवसात अनेक प्रकारच्या भूमीवरून जातो. त्यामुळे गणवेशाची नक्षी ठरविणे हा मायावरणातील सर्वांत अवघड भाग समजला जातो. आसपासच्या जमिनीचा व झाडीचा रंग कापडाला दिला म्हणजे काम झाले, अशी सर्वसामान्य समजूत असते. ती अपुरी आहे. एकरंगी हिरव्या कापडातील मनुष्य हिरव्या झाडीतही ओळखू येतो. कारण पाहणाऱ्याला प्रथम रंग नव्हे, तर आकार दिसतो. डोके, दोन खांदे व दोन पाय यांची सलग बाह्यरेषा मनुष्याच्या परिचयाची असते आणि ती मोडणे हेच नक्षीचे मुख्य कार्य होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपीय सेनांना लपण्याची फारशी गरज वाटत नव्हती. काळ्या दारूच्या धुराने रणभूमी झाकली जाई आणि त्या धुरात आपले सैनिक ओळखू यावेत म्हणून लाल, निळे, पांढरे असे ठळक गणवेश सोयीचे ठरत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली व थोड्याच वर्षांत लांब पल्ल्याच्या रायफली प्रचारात आल्या. गोळी झाडणारा आता धुराने उघडा पडेनासा झाला. उलट ठळक गणवेशाचा सैनिक दूरवरून टिपता येऊ लागला. भारतात मात्र याची सुरुवात आधीच झाली होती. १८४६ मध्ये पेशावर येथे हॅरी लम्स्डेन याने उभारलेल्या ‘गाइड्स’ पथकाला धुळीच्या रंगाचे सैल कपडे देण्यात आले. खाक म्हणजे धूळ, या फार्सी शब्दावरून ‘खाकी’ हे नाव रूढ झाले. हा रंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मंगळूर येथील बाझेल मिशनच्या विणकाम कारखान्यात तयार झाल्याचेही सांगितले जाते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धापर्यंत (१८९९–१९०२) परदेशांतील ब्रिटिश सेनेत खाकी सार्वत्रिक झाली होती. फ्रान्सने तो धडा घेतला नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच पायदळ निळा कोट व लाल विजार घालून रणांगणात उतरले. त्या महिन्यातील भीषण हानी केवळ रंगामुळे झाली असे म्हणता येणार नाही; तथापि पुढील वर्षीच लाल विजार रद्द करण्यात आली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. १९१५ मध्येच चित्रकार ल्यूसियँ-व्हिक्तॉर गिराँ द सेव्होला याच्या नेतृत्वाखाली फ्रेंच सेनेत मायावरणाचे स्वतंत्र पथक स्थापन झाले.

चित्रकारांकडे हे काम जावे यात आश्चर्य नाही. सपाट कागदावर उंचसखलपणाचा भास निर्माण करणे हे चित्रकाराचे कसब. मायावरणात तेच उलट्या दिशेने वापरावयाचे असते. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर याने १८९६ मध्ये प्राण्यांच्या रंगांतील एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली : प्रकाश वरून येत असल्याने शरीराचा वरचा भाग उजळ व खालचा सावलीत असतो, हरणासारख्या प्राण्याची पाठ गडद व पोट फिके असल्यामुळे हा फरक पुसला जातो आणि शरीर चपटे भासते. थेअरने पुढे आपले म्हणणे फार ताणले. फ्लेमिंगोचा गुलाबी रंगही सूर्यास्ताच्या आकाशात लपण्यासाठीच आहे, असे प्रतिपादन त्याने केले व त्यावर थिओडोर रूझवेल्टसह अनेकांनी टीका केली. विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट याने १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली. कॉटच्या मते लपण्यासाठी दोन स्वतंत्र उपाय आहेत. एक, पार्श्वभूमीच्या रंगाशी व पोताशी जुळते होणे. दुसरा, परस्परविरोधी रंगांचे ठळक पट्टे शरीराच्या कडेपर्यंत नेऊन ती कडाच तोडणे. दुसऱ्या प्रकारात काही पट्टे पार्श्वभूमीत मिसळतात, काही उठून दिसतात आणि जे उठून दिसतात त्यांचा आकार प्राण्याचा नसतो; त्यामुळे पाहणाऱ्याला तुकडे दिसतात, प्राणी दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात कॉटने ब्रिटिश सेनेत मायावरणाचे शिक्षणही दिले.

या तत्त्वाची प्रायोगिक परीक्षा पुष्कळ उशिरा झाली. ब्रिस्टल विद्यापीठातील इनेस कथिल व त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कागदाचे कृत्रिम पतंग ओक वृक्षांच्या खोडांवर लावले व त्यांना खाद्य जोडून पक्षी कोणते आधी शोधतात याची नोंद घेतली. ज्यांचे डाग पंखांच्या कडेला भिडत होते ते, तेच रंग व तेवढेच डाग मध्यभागी असलेल्या पतंगांपेक्षा अधिक काळ वाचले. गणवेशाच्या अभिकल्पात यातून निघणारा नियम सरळ आहे : खांदा, बाही, विजारीची बाहेरील शिवण व टोपीची कड या ठिकाणी रंगबदल झाला पाहिजे. छातीच्या मध्यावर काढलेली सुरेख नक्षी दुकानात शोभते, रणात तिचा उपयोग थोडा.

निसर्गातील याचे उदाहरण महाराष्ट्रात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील रहिवाशांना फार जवळून परिचित झाले आहे. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांच्या पाण्यावर या भागात उसाचे क्षेत्र वाढले आणि बिबट्या डोंगरातून उसात वस्तीला आला. ओतूर व माळशेज घाट यांच्या दरम्यानच्या डिंगोरे परिसरापासून खाली नारायणगावकडील बागायतीपर्यंत हे दृश्य सर्वत्र आहे. पिवळसर अंगावरील काळ्या, तुटक कड्यांची नक्षी वस्तुतः झाडांच्या पानांतून झिरपणाऱ्या ठिपकेदार उन्हासाठी घडलेली आहे. तरी वाळलेली पाचट, हिरवी पाती व त्यांमधील सावलीच्या फटी यांतही ती प्राण्याची कड पूर्णपणे मोडते. मांजरकुळातील प्राण्यांच्या तुलनेवरून असे आढळून आले आहे, की दाट झाडीत व मंद उजेडात राहणाऱ्या जातींवर गुंतागुंतीची अनियमित नक्षी, तर उघड्या माळावरील जातींवर बहुधा साधा एकरंगी लोकर असते. म्हणून जुन्नरचा ऊस तोडणाऱ्या मजुराला काही पावलांवरील बिबट्या दिसत नाही व पुष्कळदा तोडणीच्या वेळीच त्याची बछडी सापडतात. माणसे व जनावरे यांवरील हल्ल्यांमुळे हा प्रश्न या तालुक्यांत जीवनमरणाचा बनला आहे आणि माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालविले जाते. मायावरणाच्या अभ्यासकाने यातून आणखी एक गोष्ट घ्यावयाची ती अशी, की बिबट्या नक्षीच्या भरवशावर चालत नाही. तो निश्चल पडून राहतो. हालचाल झाली की सर्वोत्तम नक्षीही निष्फळ ठरते, कारण डोळ्याच्या कडेकडील भाग रंग व तपशील यांबाबत मंद असला, तरी गतीबाबत अतिशय तीक्ष्ण असतो.

बिबट्याची कडी जशीच्या तशी कापडावर छापल्यास मात्र सैनिकाला लाभ होईलच असे नाही. नक्षी ही नेहमी विशिष्ट पार्श्वभूमीची असते. कल्याणहून माळशेज घाटमार्गे डिंगोरे, ओतूर, आळेफाटा असे अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याचा विचार केल्यास हे स्पष्ट होईल. ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर ओल्या काळ्या बेसाल्टचे कडे, शेवाळ, गर्द गवत व भातखाचरे असतात. प्रकाश ढगाळ व सावल्या पुसट असतात. डिंगोऱ्याच्या पुढे ऊस, भाजीपाला व कांदा यांचे पट्टे सुरू होतात. शेसव्वाशे किमी. पूर्वेला पर्जन्यछायेतील अहिल्यानगरजवळ, जेथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र व सराव-क्षेत्र आहे, तेथे मुरमाड माळ, खुरटी झुडपे व तीव्र ऊन आढळते. मे महिन्यात तर घाटमाथ्यावरचे तेच गवत पिंगट होते व हिरवा रंग नदीकाठापुरता व बागायतीपुरता उरतो. एका राज्यात, एका रस्त्यावर, एका वर्षात जर एवढे अंतर पडते, तर सियाचीनच्या बर्फापासून राजस्थानच्या वाळूपर्यंत व ईशान्येच्या वर्षावनापर्यंत पसरलेल्या भारतीय सेनेला एकच नक्षी सर्वत्र चालेल, असे मानणे धाडसाचे आहे. यावर दोन मार्ग संभवतात : प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा गणवेश, किंवा सर्वत्र मध्यम परंतु कोठेच वाईट न ठरणारा एक गणवेश. पहिला महाग व पुरवठ्यास जिकिरीचा. दुसरा दर्जाच्या दृष्टीने तडजोडीचा. बर्फासाठी पांढरे बाह्यवस्त्र वेगळे ठेवून उरलेल्या प्रदेशासाठी थोड्या नक्ष्या वापरणे हा व्यवहारातील तोडगा बहुतेक देशांनी स्वीकारला आहे.

अभिकल्पाची सुरुवात चित्रफलकावर नव्हे, तर रानात होते. निवडलेल्या प्रदेशाची वेगवेगळ्या ऋतूंत, वेळांत व अंतरांवरून छायाचित्रे घेतात. प्रत्येक छायाचित्रात प्रमाणित रंगपट्टी ठेवतात, म्हणजे कॅमेऱ्याची व प्रकाशाची चूक वजा करता येते. मातीचे, खडकाचे व पानांचे परावर्तन वर्णपटमापकाने मोजतात. हजारो छटांमधून चार ते सहा प्रातिनिधिक रंग गणिताने निवडले जातात, कारण छपाईत यापेक्षा अधिक रंग परवडत नाहीत. येथे नवख्या अभिकल्पकाकडून होणारी चूक म्हणजे रंगाला छटेपेक्षा अधिक महत्त्व देणे. दुरून पाहताना रंगभेद लवकर फिके पडतात. उजेड-अंधाराचा भेद मात्र टिकतो. चारही रंग सारख्याच उजळपणाचे असतील, तर काही अंतरावर त्यांचा एकच करडा गोळा होतो व मनुष्याकृती पुन्हा प्रकट होते. म्हणून एक रंग गडद, एक फिका व बाकीचे मधले ठेवतात. गडद डाग झाडीतील पोकळीसारखा भासतो आणि फिका डाग पुढे आलेल्या पानासारखा. त्यामुळे सपाट कापडावर खोलीचा आभास निर्माण होतो. शुद्ध काळा रंग मात्र जपून वापरावा लागतो, कारण निसर्गातील सावली क्वचितच पूर्ण काळी असते.

डागांचे आकारमान हा यानंतरचा व कदाचित सर्वांत निर्णायक प्रश्न होय. निरोगी डोळा सु. १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील तपशील वेगळा ओळखू शकतो. १०० मी. अंतरावर हे सु. ३ सेंमी. व ३०० मी. अंतरावर सु. ९ सेंमी. होते. याचा अर्थ असा, की २ सेंमी. रुंदीचे ठिपके असलेले कापड १०० मी. वरून एकरंगीच दिसते. मोठे डाग काढावेत तर जवळून, विशेषतः दाट जंगलात जेथे गाठ २०–३० मी. वर पडते, ते कृत्रिम दिसतात. मनुष्याची छाती सु. अर्धा मीटर रुंद. त्यावर फार मोठे डाग मावतही नाहीत. यावर उपाय म्हणून दोन मापांच्या नक्ष्या एकमेकींत गुंफतात : दूरसाठी मोठे पट्टे व त्यांच्या कडांना जवळसाठी बारीक कण. निसर्गातही फांदी, डहाळी व पान यांत सारखीच रचना लहानमोठ्या मापांत पुन्हा पुन्हा येते. अमेरिकन लष्करी अधिकारी व मानसशास्त्रज्ञ टिमोथी ओनील याने १९७० नंतरच्या दशकात चौकोनी तुकड्यांची अशी द्विमापी नक्षी चिलखती वाहनावर रंगवून पाहिली. कॅनडाने १९९० नंतरच्या दशकात व अमेरिकेच्या मरीन दलाने २००२ च्या सुमारास गणवेशासाठी हेच तत्त्व स्वीकारले. चौकोनी कणांमुळे या नक्ष्यांना ‘अंकीय’ म्हणण्याची प्रथा पडली. हे नाव काहीसे फसवे आहे. चौकोनात कोणतीही जादू नाही; संगणकावर व छपाईयंत्रावर ते सोयीचे असतात एवढेच. गुण आहे तो अनेक मापांच्या एकत्रीकरणात.

याचा पुरावा अमेरिकेच्याच भूदलाने महागात दिला. २००४ मध्ये त्या दलाने करडा, फिका हिरवा व वाळूचा अशा तीन रंगांची एक अंकीय नक्षी शहर, वाळवंट व जंगल या सर्वांसाठी म्हणून निवडली. निवडलेल्या अंतिम स्वरूपाची पुरेशी क्षेत्रीय परीक्षा झालेली नव्हती. रंगांतील उजळपणाचा भेद कमी व डाग बारीक असल्यामुळे सैनिक दुरून एका फिकट पुंजक्यासारखा दिसे. अफगाणिस्तानच्या तपकिरी डोंगरउतारांवर तर तो उठूनच दिसे. प्रत्यक्ष लढणाऱ्या सैनिकांच्या तक्रारींनंतर २०१० मध्ये तेथे जाणाऱ्या दलांना दुसरी, अधिक रंगांची व प्रवाही आकारांची नक्षी देण्यात आली. २०१५ पासून तशाच प्रकारची नक्षी संपूर्ण भूदलात सुरू झाली व जुनी २०१९ मध्ये बाद झाली. परीक्षा म्हणजे काय, हे यावरून ठरते. अनेक निरीक्षकांना अनोळखी स्थळांची दृश्ये किंवा प्रत्यक्ष मैदान दाखवून त्यांना सैनिक किती अंतरावर व किती वेळात सापडतो, हे मोजावे लागते. तज्ज्ञांच्या समितीला कोणते कापड आवडले, ही परीक्षा नव्हे.

नक्षी कागदावर सिद्ध झाली, तरी ती कापडावर व पुढे कपड्यावर टिकली पाहिजे. छपाईत ठराविक लांबीनंतर नक्षीची पुनरावृत्ती होते. पुनरावृत्ती लवकर आली, तर शेजारी उभ्या असलेल्या दोन सैनिकांच्या अंगावर तोच डाग त्याच जागी दिसतो व नियमितपणामुळे डोळा सावध होतो. शिंपी कापड कोठूनही कापतो. म्हणून नक्षी कोणत्याही ठिकाणी कापली, तरी कड मोडणारी असावी लागते. डाव्या-उजव्या बाजूंची सममिती टाळणे तेवढेच आवश्यक आहे, कारण सममिती हे सजीवाचे लक्षण म्हणून नजर ताबडतोब टिपते. एकाच रंगाचे पट्टे, पिशव्या व बूट यांनी उत्तम नक्षीचा घात केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

रंजकांची निवड हा रसायनाचा भाग. सुती धाग्याला व्हॅट रंजक चांगले धरतात, पॉलिएस्टरला डिस्पर्स रंजक लागतात. मिश्र कापडावर दोन्ही प्रकारांनी एकच छटा साधावी लागते. ऊन, घाम व धुलाई यांनी ती बदलता कामा नये. याशिवाय डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रारणाचा विचार आता अनिवार्य आहे. हिरव्या पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, परंतु सु. ७०० नॅनोमीटरच्या पुढे पानाचे परावर्तन एकदम वाढते. रात्री पाहण्याच्या उपकरणात त्यामुळे झाडी उजळ दिसते आणि साध्या हिरव्या रंजकाचे कापड त्यावर वेगळे उमटू शकते. म्हणून प्रत्येक रंगाचे जवळच्या अवरक्त पट्ट्यातील परावर्तनही ठरवून घेतात व गडद रंगांसाठी अत्यल्प काजळी मिसळतात. या सर्व खटाटोपावर धुण्याच्या साबणाने पाणी पडू शकते. बाजारातील अनेक धुलाईचूर्णांत कपडे शुभ्र भासावेत म्हणून जी द्रव्ये घातलेली असतात, ती जंबुपार प्रारण शोषून निळसर प्रकाश टाकतात. खळ व कडक इस्त्री यांनीही कापडाला चकाकी येते. संचलनासाठी कौतुकाचा ठरणारा असा गणवेश रणात सैनिकाचा शत्रू होय. त्यामुळे अशा धुलाईस सेनांत मनाई असते.

छापील नक्षीचा मोठ्या प्रमाणावर पहिला वापर इटलीने १९२९ मध्ये तंबूच्या कापडासाठी केला. जर्मनीने १९३१ पासून तसे कापड काढले व दुसऱ्या महायुद्धात ते सर्वत्र पसरले. अमेरिकन मरीन दलासाठी १९४२ मध्ये जी बेडकाच्या कातडीसारखी दुहेरी नक्षी तयार झाली, तिचा अभिकल्पक नॉर्व्हेल गिलेस्पी हा बागकामविषयक संपादक होता. याच काळात ब्रह्मदेश आघाडीवर भारतीय सेनेला खाकी निरुपयोगी असल्याचा अनुभव आला व गणवेश जंगली हिरव्या रंगात रंगविण्यात आले. स्वातंत्र्यानंतर एकरंगी ऑलिव्ह हिरवा दीर्घकाळ प्रचारात राहिला व पुढे छापील नक्ष्या आल्या.

१५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनाच्या संचलनात भारतीय भूदलाचा नवा लढाऊ गणवेश प्रथम दाखविण्यात आला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार झालेली ही नक्षी ऑलिव्ह व मातकट छटांची, अंकीय पद्धतीची आहे. कापडात सुती व पॉलिएस्टर धाग्यांचे प्रमाण ७०:३० असते. पहिले ५०,००० जोड कँटीन स्टोअर्स विभागाच्या १५ आगारांसाठी घेण्यात आले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व खडकी ही दोन होती. या नक्षीची कोलकाता येथे अभिकल्प म्हणून नोंदणी झाली व ती २१ ऑक्टोबर २०२२ च्या शासकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाली. अभिकल्प अधिनियम, २००० अन्वये हे संरक्षण १० वर्षे व पुढे आणखी ५ वर्षे मिळू शकते. नोंदणीमागे व्यापारी हेतू नाही. पूर्वीचे नक्षीचे कापड कोणत्याही बाजारात वारभर मिळत असे व अतिरेक्यांनी सैनिकी वेशात हल्ले केल्याचे प्रकार घडले होते. अनधिकृत कापड विकणाऱ्यांवर कारवाई करणे आता शक्य झाले. आंतरराष्ट्रीय युद्धनियमांनी मात्र मायावरणाला स्पष्ट मान्यता दिली आहे : जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्याने ते वैध युद्धयुक्ती ठरविले असून, हल्ला करताना शत्रूचा गणवेश घालण्यास बंदी केली आहे.

उष्णता टिपणाऱ्या दूर-अवरक्त उपकरणांपुढे छापील नक्षी निरुपयोगी ठरते. तेथे शरीराची ऊब अडविणारी वेगळी वस्त्रे व जाळ्या लागतात आणि त्या जड, उबदार व महाग असतात. ड्रोनमुळे सैनिक वरूनही पाहिला जाऊ लागला आहे. वरून खांदे, टोपी व पाठीवरची पिशवी एवढेच दिसते व जमिनीवर पडणारी लांब सावली कोणत्याही कापडाने लपत नाही. त्यामुळे नव्या परीक्षांत उभ्या दृष्टिकोनाबरोबर वरून घेतलेल्या दृश्यांचाही समावेश करावा लागत आहे.